स्वस्तातला समुद्र

परदेशात घर घ्यायची कल्पना माझी नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. ती मंदीची होती. मंदी आली नसती तर निवृत्तीनंतर मी चारचौघांसारखा सकाळी फिरून, दुपारी झोपून आणि संध्याकाळी गुडघ्यांबद्दल बोलून सुखाने जगलो असतो. पण एके दिवशी पेपरात बातमी आली की समुद्रापलीकडच्या एका देशात घरांचे भाव धाडकन कोसळले आहेत, आणि तिथे घर घेणाऱ्या निवृत्त परदेशी माणसाला सरकार राहण्याचा परवानाही देतं आहे. बातमीसोबत फोटो होता. निळा समुद्र, पांढरी इमारत आणि गॅलरीत बसून विनाकारण हसणारं एक म्हातारं जोडपं.

मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. आयुष्यभर दुकानदारांचे तराजू तपासले. मी बाजारात शिरलो की मापं आपोआप भरायची, असा माझा दरारा होता. अशा माणसाला पैशाच्या मानाने जास्त माल मिळतो आहे असं कळलं की त्याचं डोकं ठिकाणावर राहत नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त बँक मॅनेजर राहतात. कुठलाही विषय काढा, ते त्याला टक्केवारी लावतात, म्हणून सगळे त्यांना मागून ‘व्याजदर’ म्हणतात. ते म्हणाले, "मंदीत घेणाराच शहाणा. तुमच्या जागी मी असतो तर दोन घेतली असती." ह्या गृहस्थांनी नवी छत्री घ्यायची की जुनीच्या काड्या बदलायच्या यावर एक अख्खा पावसाळा काढला होता, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं.

तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, "तिकडे दातांचा खर्च भयंकर. जाण्याआधी सगळे काढून टाका."

"सगळे?"

"म्हणजे सगळे उपचार उरकून टाका हो."

लेक म्हणाली, "बाबा, तुम्हाला समुद्र आवडतो हे मला माहीतच नव्हतं."

"आवडेल," मी म्हणालो. "एवढा स्वस्त मिळतोय म्हटल्यावर आवडायलाच हवा."

बायकोने एकच प्रश्न विचारला. "तिथे बोलायचं कुणाशी?"

"माझ्याशी," मी म्हणालो.

यावर ती गप्प बसली. तो मी होकार धरला.

गावाबाहेरचा प्लॉट विकला, फंडाचे पैसे काढले आणि एजंटामार्फत चौथ्या मजल्यावरचा, समुद्राकडे तोंड असलेला फ्लॅट न बघताच घेतला. आमच्या इमारतीत निरोपाचा कार्यक्रम झाला. व्याजदरांनी भाषण केलं, त्यात ‘आंतरराष्ट्रीय मालमत्ताधारक’ हा शब्द तीनदा आला आणि तिन्ही वेळा मी मान खाली घालून विनयाने हसलो. भेट म्हणून एक भली मोठी बॅग मिळाली. लवकर परत येऊ नका, असा तिचा आकारच सांगत होता. घराची किल्ली आम्ही लेकीकडे दिली.

पहिला अपमान विमानतळावर झाला. नोकरीत असल्यापासून मी खिशात डबीत गुंडाळली जाणारी स्टीलची मोजपट्टी बाळगतो. तपासणीवरच्या माणसाने ती काढून घेतली.

"हिच्याने काय होणार आहे?" मी विचारलं.

त्याने पट्टी ओढून सोडली. ती सटकन येऊन त्याच्याच बोटाला लागली. तेव्हापासून त्याला माझं काहीही ऐकायचं नव्हतं.

माहितीपत्रकात इमारत सात मजली होती. प्रत्यक्षात ती पाचव्या मजल्यावर येऊन थांबली होती आणि वर नुसत्या सळया उभ्या होत्या. बिल्डरचं दिवाळं निघालं होतं आणि कर्जापोटी इमारत बँकेने ताब्यात घेतली होती. आम्हाला घर विकलं होतं ते बँकेनेच. पोहण्याच्या तलावाच्या जागी खड्डा होता आणि त्यात सिमेंट कालवायचं मशीन आडवं पडलं होतं. लिफ्टचं दार होतं, बटणही होतं, दाबलं की दिवाही लागायचा. फक्त लिफ्ट यायची नाही. तरी पहिले काही दिवस मी चढण्याआधी बटण दाबत असे. माणसाने आशा सोडू नये.

"मंदी संपली की सगळं पूर्ण होईल," एजंट किल्ल्या देताना म्हणाला. आठवडाभराने त्याच्या ऑफिसला कुलूप लागलं. पुढे तो आम्हाला किनाऱ्यावर भेटला. आरामखुर्च्या भाड्याने देत होता. आम्हाला त्याने सवलत दिली, हे कबूल करायला हवं.

एवढ्या मोठ्या इमारतीत आमच्याशिवाय एकच माणूस राहत होता. दुसऱ्या मजल्यावरचा कप्तान. मोठ्या जहाजाचा नव्हे, दोन किनाऱ्यांमधल्या फेरीबोटीचा. बायको वारल्यावर त्याने जुन्या वस्तीतलं घर विकून हा फ्लॅट घेतला होता. त्याचं आणि माझं इंग्रजी सारखंच मोडकं असल्यामुळे आमचं उत्तम जमलं. कुणी कुणाची चूक काढत नसे.

"जागा छान आहे," तो रोज म्हणायचा. "शांत आहे."

"फारच शांत आहे," मी म्हणायचो. मग आम्ही दोघं त्या शांततेकडे बघत बसायचो.

राहण्याच्या परवान्यासाठी मी नगरपालिकेत गेलो. खिडकीवरच्या बाईंनी कागद चाळले आणि म्हणाल्या, "तुमच्या नावाचं विजेचं बिल आणा." मी वीज कंपनीत गेलो. तिथले गृहस्थ म्हणाले, "मीटर नावावर करायचा तर राहण्याचा परवाना आणा." मी पुन्हा बाईंकडे गेलो. काटकसर म्हणून नगरपालिका आता एक दिवसाआड उघडत होती. बाईंचा पगार निम्मा झाला होता आणि त्या हिशोबाने त्या माझं बोलणं निम्मंच ऐकत होत्या.

"बिल मिळायला परवाना लागतो," मी म्हणालो.

"बरोबर," त्या म्हणाल्या.

"आणि परवाना मिळायला बिल."

"अगदी बरोबर," त्या म्हणाल्या. मला पद्धत नीट समजली याचं त्यांना समाधान वाटलं असावं. त्यांनी मला पुढची तारीख दिली.

तोवर आम्हाला वीज कप्तानाकडून यायची, दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून चौथ्या मजल्यावर ओढून घेतलेल्या एका वायरीने. त्याने इस्त्री लावली की आमचे दिवे मंदावायचे. मंदी अशी थेट घरात शिरली.

बाजाराच्या वाटेवर घरांची खरेदी-विक्री करणारं एक दुकान होतं. त्याच्या काचेत आमच्याच इमारतीतल्या, आमच्यासारख्याच फ्लॅटचा फोटो आणि खाली किंमत लावलेली असे. दर सोमवारी दुकानदार जुनी किंमत खोडून नवी लिहायचा आणि ती नेहमी कमी असायची. मी दर सोमवारी जाऊन बघायचो. दुखऱ्या दाताला सारखी जीभ लागते तसं ते होतं. एका सोमवारी किमतीखाली ‘सोबत फ्रीज मोफत’ असं लिहिलेलं दिसलं, तेव्हा मी फुटपाथवरच बसलो. बायकोने मला त्या रस्त्याने जायला बंदी केली. तेव्हापासून भाजी ती एकटीच आणू लागली, दुकानदारांशी खाणाखुणांनी बोलत. घरी आल्यावर मात्र ती फारशी बोलत नसे.

एका संध्याकाळी आम्ही गॅलरीत बसलो होतो. समोर समुद्र होता. तो काही स्वस्त झाला नव्हता, पहिल्या दिवशी होता तसाच होता.

"अहो, एक विचारू?" ती म्हणाली. "परत जायचं म्हटलं तर जाता येईल का?"

"हे विकल्याशिवाय कसं जाणार? सगळं ह्यात अडकलंय. आजारपण आलं तर हाताशी काही नको का?"

"आणि हे विकत कोण घेईल?"

"कुणी नाही."

ती म्हणाली, "समुद्र छान आहे," आणि उठून आत गेली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी तिने पडदे शिवायला काढले आणि खिडकीचं माप घ्यायला मला आपला शिवणाचा टेप दिला. खिडकी मोजून झाल्यावर हात थांबेनात. भिंत मोजली. मग खोली, स्वयंपाकघर, गॅलरी. कागदावरची मापं काढली, ताडून पाहिली, पुन्हा मोजलं. घर कमी भरत होतं! कागदावर होतं त्यापेक्षा प्रत्येक खोली थोडी थोडी आखूड होती. खरं सांगतो, निवृत्त झाल्यापासून मला इतका आनंद झाला नव्हता. मापात फसवणूक! आणि ती कुणाची, तर वजनमापे खात्यातल्या माणसाची!

"मी तक्रार करणार," मी जाहीर केलं.

कप्तानाने कपाळाला हात लावला. "इथे तक्रार करू नकोस. तक्रार केली की लोक बघायला येतात."

"यायलाच हवेत."

"लोक बघायला आले की त्यांना काहीतरी दिसतं," तो म्हणाला.

फोनवर व्याजदर म्हणाले, "सोडू नका. नुकसानभरपाई मागा, व्याजासकट." लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही निवृत्त झालाहात." मी अर्थातच व्याजदरांचं ऐकलं. कप्तानाला सोबत घेऊन नगरपालिकेत गेलो आणि त्याच्या तोंडून बाईंना सगळं सांगितलं. या वेळी बाईंनी पूर्ण ऐकलं, मधे दोन प्रश्नही विचारले. परवान्यासाठी जागची न हलणारी नगरपालिका तक्रारीला पुढच्याच आठवड्यात हलली.

मोजणीला एक उंच, कमी बोलणाऱ्या बाई आल्या. त्यांच्याकडे तीन पायांच्या तिकाटण्यावर बसवायचं यंत्र होतं. मी टेप घेऊन त्यांच्या मागे मागे फिरत होतो आणि कुठे काय कमी आहे ते व्यावसायिक आपुलकीने दाखवत होतो. त्यांनी सगळ्या खोल्या मोजल्या आणि कप्तानाला काहीतरी सांगितलं.

"बरोबर आहे म्हणतात," कप्तान म्हणाला.

"माझी तक्रार ना?"

"नाही. घर."

बाईंनी माझ्या हातातला टेप घेतला, टेबलावर आपल्या स्टीलच्या पट्टीशेजारी ताणून ठेवला आणि काही न बोलता टोकाकडे बोट दाखवलं. माझा टेप पट्टीच्या बराच पुढे गेला होता.

"लांबलाच असणार," बायको शांतपणे म्हणाली. "पोरीच्या शाळेच्या गणवेशापासूनचा आहे. किती ताणला असेल मी."

"मग मला आधी सांगायचं नाही?"

"मला वाटलं, तुम्ही तपासून घेतला असेल. वजनमापे खात्यातला माणूस."

कप्तान खिडकीतून बाहेर बघू लागला. त्याचे खांदे हलत होते. मोजणीच्या बाई हसल्या नाहीत, त्याबद्दल मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे. पण एवढ्या लांब आल्याच होत्या आणि यंत्र वर आणलंच होतं, म्हणून त्या खाली गेल्या आणि त्यांनी बाहेरून इमारत मोजली. मग पुन्हा मोजली. मग फोन लावला. मग आणखी दोन माणसं आली आणि तिघांनी मिळून तिसऱ्यांदा मोजली.

संध्याकाळी दारावर नोटीस लागली. आमच्या घराच्या खोल्या इंच न इंच बरोबर होत्या, पण सबंध इमारतच हातभर पुढे सरकून किनाऱ्याच्या राखीव पट्ट्यात उभी होती. बांधकाम बेकायदा. राहायला मनाई. पाडायचं की काय, ते नंतर ठरणार.

कप्तानाने नोटीस वाचून दाखवली. शेवटचा शब्द वाचून झाल्यावर तो माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. घरात गेला, दार लावलं, आणि थोड्या वेळाने आमचे दिवे गेले. त्याने वायर काढून घेतली होती.

जे विकलं जात नव्हतं ते आता पाडलं जाणार होतं आणि ते मी माझ्या हाताने ओढवून घेतलं होतं. इमारतीत फ्लॅट घेऊन ठेवलेले ठिकठिकाणचे मालक धावत आले. तलावाच्या खड्ड्याभोवती सभा भरली आणि मला मधे उभं करण्यात आलं. निरनिराळ्या भाषांत माझा उद्धार झाला. मला एकही शब्द कळत नव्हता, पण सूर ओळखीचा होता. तराजू जप्त केल्यावर दुकानदारांचा असायचा तोच. गर्दीच्या कडेला कप्तान खाली मान घालून उभा होता, आणि ते मला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

बायको घरात बॅगा भरत होती.

"कुठे जायचं?" मी विचारलं.

"ते मला कुठे माहीत आहे? पण भरलेल्या बऱ्या," ती म्हणाली. त्या दिवसांत ती मला एकदाही टाकून बोलली नाही. मी वाट बघत होतो.

मग एका सकाळी मोजणीच्या बाई पुन्हा आल्या. सोबत टाय लावलेला बँकेचा माणूस होता. तो एकसारखा रुमालाने मान पुसत होता. सगळ्यांना खड्ड्याभोवती पुन्हा जमवलं. बाई बोलल्या. कुणीतरी किंचाळलं, मग दोन बायकांनी एकमेकींना मिठी मारली. मला काही कळेना. इमारत पाडणार आणि एवढा आनंद?

कप्तान गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आला. इतक्या दिवसांनी प्रथमच तो माझ्याशी बोलत होता आणि त्यामुळे त्याचं इंग्रजी होतं त्यापेक्षाही मोडलं होतं. "बँकेने विकताना लिहून दिलंय, सगळ्या परवानग्या आहेत म्हणून. परवानग्या नाहीत. म्हणजे विक्री खोटी. म्हणजे पैसे परत!"

"आजच्या भावाने?" मी विचारलं. डोळ्यांपुढे तो फ्रीज उभा राहिला.

"नाही, नाही! आपण दिले तेवढे! तेव्हाच्या भावाने!"

ज्या लोकांनी आठवड्यापूर्वी मला शिव्या घातल्या होत्या ते आता येऊन माझे खांदे थोपटत होते. एका धिप्पाड गृहस्थाने मला उचललंच. वर खिडकीत बायको उभी होती. मी हात हलवून ओरडलो, "पैसे परत देतायत!" तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि खाली बसली असावी, कारण मग खिडकीत ती दिसेना. लिफ्टचं बटण न दाबता मी चारही मजले धावत चढलो.

थोड्या वेळाने कप्तान धापा टाकत वर आला आणि खुर्चीत बसला.

"मीसुद्धा जायचो," तो म्हणाला. "त्या दुकानाच्या काचेसमोर. दर मंगळवारी. सोमवारी तू असायचास."

"पण तू तर रोज म्हणायचास, जागा छान आहे."

"आणखी काय म्हणणार? मुलीने रडून सांगितलं होतं, आईचं घर विकू नका म्हणून. मी म्हटलं, मी मजेत राहीन. त्यानंतर ती बोललीच नाही. मग मजेत राहायला नको का?" त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आता तिला फोन करायचा, तर काय बोलू?"

मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "त्यांना सांगा, काही बोलू नका म्हणावं. नुसता लावा."

त्याने लावला. दोन शब्द बोलला असेल-नसेल, तेवढ्यात पलीकडून जो आवाज सुरू झाला तो आम्हालाही ऐकू येत होता. कप्तानाने फोन कानापासून लांब धरला. त्याचा चेहरा उजळत गेला.

"ओरडतेय!" तो आम्हाला म्हणाला. डोळे भरून आले होते. "खूप ओरडतेय! घरी या म्हणतेय!"

बँकेत सह्या करायच्या दिवशी टायवाल्या माणसाने मला विचारलं, "एक सांगा, इमारतीत गडबड आहे हे तुमच्या लक्षात तरी कसं आलं?"

"अनुभव," मी म्हणालो. शेजारी बायकोला खोकला आला.

तिकिटांचा, पैसे इकडचे तिकडे बदलण्याचा खर्च गेला, तो गेला. पण मुद्दल हाती आलं. विमानात बायको खिडकीशी बसली होती. खाली समुद्र दिसत होता. "छान आहे," ती म्हणाली आणि या वेळी तिला तो खरंच छान वाटत होता, कारण तो मागे पडत होता.

घ्यायला लेक आली होती. मी गाडीत बसल्यापासून तिच्या ‘मी सांगत होते’ची वाट पाहत होतो. तिने ते म्हटलं नाही. सगळा वेळ ती आईशीच बोलत होती आणि तिची आई तर इतकी बोलत होती की लाल दिव्याला थांबलो तरी तिचं थांबत नव्हतं.

फाटकाशी मात्र सगळे जमले होते. फोनवर अर्धवट कळलेली बातमी इमारतीत पूर्ण होऊन पसरली होती. व्याजदर पुढे सरसावले. "काय ऐकतो आम्ही! म्हणजे तुम्ही परदेशी बँकेला कोर्टात खेचलंत?"

"कोर्टात असं नाही..." मी म्हणालो.

"पण मापात पकडलंत ना? नक्की काय पकडलंत, ते तर सांगा. आम्ही काय इथे नुसतेच उभे आहोत!"

दातांचे डॉक्टर, त्यांची बायको, वॉचमन, सगळे माझ्याकडे बघत होते. मी बायकोकडे पाहिलं. आता माझी अब्रू तिच्या हातात होती आणि गेल्या काही महिन्यांचा हिशोब चुकता करायला याहून चांगली वेळ तिला मिळणार नव्हती.

"अहो, ह्यांनी घर मोजायला घेतलं म्हणून तर सुटलो आम्ही," ती म्हणाली. "एकटे आम्हीच नाही, अख्खी इमारत सुटली. ह्यांनी मोजलं नसतं तर अजून तिथेच असतो."

यातला शब्द न शब्द खरा होता. व्याजदरांनी मान डोलावली आणि "अचूकता!" असं म्हणाले. त्यांना आणखी काहीतरी विचारायचं आहे हे दिसत होतं, म्हणून मी झटकन दोन्ही बॅगा उचलल्या आणि जिना चढू लागलो.

लेकीने दार उघडलं. आत गेल्या गेल्या बायकोने ते लावून घेतलं, भिंतीला टेकली आणि हसायला लागली. हसता हसता खाली बसली, लेक विचारतेय "काय झालं, आई?" तर तिला उत्तरही देता येईना. इतक्या महिन्यांत तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. त्यातलं परत आल्याचं हसू किती आणि माझ्यावरचं किती, ते काही मी मोजायला गेलो नाही. मीही तिच्याशेजारी जमिनीवर बसलो आणि हसू लागलो.